वॉशिंग्टनहून परतलेला माणूस

एका कागदावर एकच माणूस दोनदा उभा आहे.

डावीकडे त्याच्या डोक्यावर गरुडाच्या पिसांचा लांबलचक टोप आहे, अंगात झालरी लावलेला चामड्याचा अंगरखा, हातात लांब दांड्याची चिलीम. मागे दूरवर वॉशिंग्टनमधली संसदेची इमारत दिसते. उजवीकडे तोच माणूस आहे, पण ओळखू येऊ नये असा. डोक्यावर उंच टोपी, टोपीवर लाल तुरा, सोनेरी फितींचा निळा लष्करी कोट, पांढरे हातमोजे, उंच टाचांचे बूट, कमरेला तलवार, शिवाय छत्री आणि पंखा. कोटाच्या खिशातून दारूची बाटली डोकावते आहे. त्याच्यामागे आता त्याच्या स्वतःच्या माणसांचे तंबू आहेत. डावीकडचा वॉशिंग्टनला निघालाय, उजवीकडचा परत आलाय.

पहिल्यांदा हे चित्र पाहिलं की हसू येतं. मग जरा वाईट वाटतं. चित्रकाराला या दोन्ही गोष्टी हव्या होत्या आणि त्याने त्या अचूक साधल्या. म्हणूनच उत्तर अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या मूलनिवासी जीवनाची एकोणिसाव्या शतकात जी असंख्य चित्रं छापली गेली, त्यातलं हे एक फार गाजलेलं चित्र. मात्र ते ज्या माणसाबद्दल आहे त्याची हकीकत वाचल्यावर मला हे चित्र पूर्वीसारखं बघता येत नाही. त्या माणसाने खूप मोठी आणि खरी बातमी घरी आणली होती. चित्रात ती बातमी कुठेच नाही. चित्रात फक्त त्याचे कपडे आहेत.

आधी माणसाचं नाव सांगतो, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. चित्राखाली छापलंय ‘विजुनजोन’, आणि त्याचा अर्थ दिलाय ‘कबुतराच्या अंड्यासारखं डोकं’. हे भाषांतर चुकीचं आहे. त्याच्या नावाचा उच्चार ‘अजोनजोन’च्या जवळ जाणारा होता आणि अर्थ होता उजेड, प्रकाश. आपल्याकडे दर गल्लीत एक तरी प्रकाश असतो. त्यातल्या एखाद्या प्रकाशला कोणी ‘अंडंडोक्या’ म्हणून इतिहासात कायमचं नोंदवून ठेवावं, तसं हे झालं. चित्र लंडनला छापलं गेलं, अमेरिकेत विकलं गेलं, आणि प्रत्येक प्रतीबरोबर चुकीचं नाव पुढे जात राहिलं. मी पुढे त्याला अजोनजोनच म्हणणार आहे.

तो असिनिबॉइन जमातीतला एक नावाजलेला तरुण लढवय्या होता. आज अमेरिकेचं मोंटाना राज्य आणि कॅनडाचा सस्कॅचवान प्रांत जिथे आहे, त्या गवताळ मैदानांत हे लोक बायसनच्या कळपांमागे फिरत. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद, पण खांद्यावर केसाळ वशिंड असलेला. हे लोक स्वतःला नाकोडा म्हणवतात. असिनिबॉइन हे त्यांना ओजिब्वे या शेजाऱ्यांनी दिलेलं नाव, आणि त्याच्या मुळाशी दगड आहे. कातड्याच्या खोलगट भांड्यात पाणी आणि मांस घालायचं, आगीत दगड लालभडक तापवायचे आणि एकेक करून त्यात सोडायचे. थोड्या वेळात पाणी उकळतं आणि मांस शिजतं. अशी दगडांनी रांधणारी माणसं, म्हणून ते नाव.

योगायोग असा, की यांच्यातला एक माणूस जगभर पोचला तोही दगडावरूनच.

दगडावरचं चित्र

हे चित्र लिथोग्राफ आहे. लिथोग्राफला मराठीत शिळाछाप म्हणतात. ‘शिळाप्रेस’ हा शब्द आजी-आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. जुनी पंचांगं, पोथ्या, आरत्यांची पुस्तकं एकेकाळी शिळाप्रेसवर छापली जात. नंतर पुण्याच्या चित्रशाळेने आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्याने देवादिकांची रंगीत चित्रं घरोघरी पोचवली, तीही दगडावरूनच. त्यामुळे ही कला आपल्याला परकी नाही. मात्र ती नेमकी चालते कशी हे फारसं कोणी सांगत नाही.

बव्हेरियात सोल्नहोफेन नावाचं गाव आहे. तिथे अतिशय बारीक कणांचा चुनखडीचा दगड मिळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने या दगडाचा एक गुण हेरला. दगड घासून सपाट करायचा आणि त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग त्यावर डिंकाचं पाणी आणि किंचित आम्ल फिरवायचं, म्हणजे खडूच्या रेघा दगडात पक्क्या बसतात आणि उरलेली जागा पाणी धरून ठेवायला तयार होते. आता दगड ओला करायचा. मोकळ्या जागेवर पाणी थांबतं, तेलकट रेघांवर थांबत नाही. त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की उलटं होतं, ओल्या जागेला शाई लागत नाही आणि रेघांना लागते. कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटतं. तेल आणि पाण्याचं वैर, एवढाच त्याचा पाया.

याआधीच्या छपाईत लाकूड किंवा तांबं कोरावं लागे. ते कोरणाऱ्या कारागिराचं काम, आणि वेळखाऊ. दगडावर मात्र कागदावर काढावं तसं सरळ काढता येतं. खडूचा मऊपणा, सावल्या, केसांची लव, सगळं जसंच्या तसं छापलं जातं. एकाच दगडावरून शेकडो प्रती निघतात. चित्र स्वस्त झालं आणि सामान्य माणसाच्या भिंतीवर आलं ते यामुळे.

एक बारकावा या चित्रासाठी महत्त्वाचा आहे. दगडावर काढलेलं चित्र कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. म्हणजे ‘आधी’ डावीकडे आणि ‘नंतर’ उजवीकडे यावं म्हणून दगडावर काढणाऱ्याला ‘नंतर’ डावीकडे काढावं लागलं. या चित्राचा सगळा जीव त्या क्रमात आहे. डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि वाटेत एका माणसाची घसरण पाहतो. क्रम उलटा छापला गेला असता तर हेच चित्र एका माणसाच्या ‘सुधारणे’चं वाटलं असतं. पुढे तसंही झालं, ते नंतर सांगतो.

मूळ चित्रकार जॉर्ज कॅटलिन. जन्म १७९६चा, पेनसिल्व्हेनियातला. शिक्षणाने वकील, चित्रकला स्वतःची स्वतः शिकलेला. १८३०च्या दशकात मूलनिवासी जमातींमध्ये फिरून त्याने पाचशेच्या आसपास चित्रं जमवली, आणि ती घेऊन तो आधी अमेरिकेत, मग इंग्लंडमध्ये प्रदर्शनं भरवू लागला. १८४०मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याची गॅलरी उघडली. प्रदर्शनाच्या तिकिटांवर घर चालेना, तेव्हा १८४४मध्ये त्याने निवडक २५ चित्रांचा मोठ्या आकाराचा शिळाछाप संच काढला. डे अँड हेग या लंडनच्या नामवंत छापखान्याने तो छापला आणि बहुतेक चित्रं मॅकगेही नावाच्या कारागिराने दगडावर उतरवली. काळ्या रेघांचा एक दगड, फिकट पार्श्वरंगाचा दुसरा, आणि वर हाताने भरलेले जलरंग, अशी ही चित्रं तयार झाली. संचात बायसनची शिकार आहे, नाच आहेत, चेंडूचा खेळ आहे, रानटी घोडे पकडणं आहे. आणि सगळ्यात शेवटी, २५व्या पानावर, अजोनजोन. आधीच्या पानांवर डौलदार, मोकळं जीवन दाखवायचं आणि शेवटच्या पानावर त्याचं काय झालं ते दाखवायचं, ही मांडणी अपघाताने झालेली नाही.

नंतर न्यूयॉर्कच्या करिअर अँड आइव्ह्ज या कंपनीनेही याच चित्राची आपली आवृत्ती काढली. स्वस्त चित्रं भरमसाठ छापून घराघरांत विकणं हाच त्यांचा धंदा होता. लंडनचा संच श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जात होता, ही आवृत्ती कोणाच्याही घरी जाऊ शकत होती.

डावी बाजू, उजवी बाजू

आता चित्राकडे सावकाश बघू.

डावीकडचा पोशाख रोजचा नाही. हा मानाचा, लढवय्याचा पोशाख आहे. दूरच्या सरकारला भेटायला जाताना माणूस आपली सगळ्यात चांगली वस्त्रं काढतो, तसा. कॅटलिनने लिहून ठेवलंय की अंगरखा आणि पायांवरची आवरणं पहाडी बकऱ्याच्या कातड्याची होती आणि त्यांवर साळिंदराच्या काट्यांचं भरतकाम होतं. हे काम बायकांचं. काटे रंगवायचे, तोंडात धरून ओलसर मऊ करायचे, दातांनी चपटे करायचे आणि कातड्यावर एकेक बसवत जायचे. त्याआधी कातडं कमावायचं, तेही त्यांनीच. चित्रात एकटा पुरुष दिसतो, पण त्याच्या अंगावर घरातल्या बायकांचे कितीतरी महिन्यांचे श्रम आहेत. डोक्यावरची गरुडाची पिसंही हौसेची नाहीत. मैदानी जमातींत असा टोप पराक्रमाने कमवावा लागे.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची बायसनच्या कातड्याची शाल. कॅटलिन सांगतो की तिच्या आतल्या बाजूवर अजोनजोनच्या लढायांची चित्रं काढलेली होती. मैदानी जमातींत पुरुष आपले पराक्रम असे कातड्यावर रंगवून अंगावर मिरवत. कोणाशी लढलो, किती घोडे आणले, हे सगळं. पाहणाऱ्याला ते वाचता येई आणि खोटं रंगवलं तर सोबत लढलेला माणूस तिथेच पकडे. म्हणजे या चित्रात खरं तर दोन चित्रकार आहेत. एक कॅटलिन. दुसरा त्या शालीतला, जो अजोनजोनची गोष्ट त्याच्या बाजूने सांगतो. उजवीकडच्या अर्ध्यात ती शाल नाही, त्यामुळे त्याची स्वतःची साक्षही तिथे नाही.

उजवीकडे येऊ. लष्करी गणवेश पाहून वाटतं की हा मनुष्य शहरात जाऊन भुलला आणि नटून आला. पण गणवेश ही त्याची हौस नव्हती, सरकारची भेट होती. अमेरिकन सरकार मूलनिवासी प्रमुखांना बोलावून त्यांना कोट, टोप्या, राष्ट्राध्यक्षांचा चेहरा असलेली चांदीची पदकं देत असे. ही तेव्हाची मुत्सद्देगिरीची रीतच होती. अजोनजोनच्या गळ्यातही निळ्या फितीत असं पदक होतं. आणि यजमानाने दिलेलं वस्त्र अंगावर घालणं हा त्या मैदानांतही मान राखण्याचाच भाग होता. आपल्याकडे दरबारात मिळालेला पोशाख घालून सरदार घरी येई, तेव्हा त्याला कोणी बहुरूपी म्हणत नसे.

कॅटलिनचं या वेळी डोळ्यांदेखत साक्षीपण आहे, हे मान्य करायला हवं. १८३२च्या वसंतात ‘यलोस्टोन’ नावाच्या वाफेच्या बोटीने तो सेंट लुईसहून मिसूरी नदीतून वर निघाला, तेव्हा त्याच बोटीवर अजोनजोन घरी परतत होता. त्याच्या हिशेबाने प्रवास सुमारे २,००० मैलांचा. नदीच्या इतक्या वरच्या टोकापर्यंत, फोर्ट युनियनपर्यंत, वाफेची बोट पोचण्याची ती पहिलीच वेळ. फोर्ट युनियन म्हणजे मिसूरी आणि यलोस्टोन नद्यांच्या संगमाजवळचं अमेरिकन फर कंपनीचं मोठं व्यापारी ठाणं. नव्या कोटात, टाचांच्या बुटांत अवघडलेला अजोनजोन ओठांनी अमेरिकन लष्करी चाली वाजवत बोटीवर फिरत असे, हे कॅटलिनने स्वतः पाहिलं. ठाण्यावर उतरल्यावर त्याची माणसं त्याच्याकडे काही वेळ नुसती पाहत राहिली, हेही.

दारूची बाटली मात्र कॅटलिनचा रोष आहे. फर कंपन्या दारूच्या जोरावर कातडी मिळवत होत्या, माणसं उद्ध्वस्त होत होती, आणि त्याने यावर वारंवार लिहिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकन संसदेने मूलनिवासींच्या प्रदेशात दारू नेण्यावर बंदी घालणारा कायदाही केला. व्यापारी तो सर्रास मोडत राहिले. म्हणजे बाटलीमागचा राग खरा आणि रास्त होता. पण चित्रात ती बाटली व्यापाऱ्याच्या हातात नाही, अजोनजोनच्या खिशात आहे. पाहणाऱ्याचं बोट आपोआप त्याच्याकडे वळतं.

पुढे कॅटलिन लिहितो की बायकोने कोटाच्या लांब शेपटीतून स्वतःसाठी पायांची आवरणं शिवली, टोपीची चंदेरी फीत तिच्या पायांवरच्या पट्ट्यांना गेली, आणि असं करत करत सगळा थाट विरून शेवटी छत्रीच तेवढी उरली. त्याच्या सांगण्यात हा ऱ्हास आहे. मला ते वाचताना आमच्या घरातली गोधडी आठवते. उत्तम निळं कापड हाती आलं तर संसारी बाई ते वापरणारच. ज्या कोटात आपला नवरा धड बसू शकत नाही, त्याचं तिने काहीतरी उपयोगाचं केलं. या सगळ्या हकिकतीत शहाणपणाने वागलेलं माणूस कोणी असेल तर ती ही बाई, आणि तिचं नाव कोणी नोंदवून ठेवलेलं नाही.

मधल्या जागेत काय घडलं

आता त्या दोन आकृत्यांच्या मधल्या जागेकडे या. तिथे चित्रात काही नाही. प्रत्यक्षात तिथे एक अख्खा हिवाळा आहे.

१८३१च्या शरद ऋतूत सरकारी एजंट जॉन सॅनफर्ड वरच्या मिसूरीतल्या जमातींचे काही प्रतिनिधी घेऊन वॉशिंग्टनला निघाला. असिनिबॉइनांतर्फे अजोनजोन होता, क्री जमातीचा प्रतिनिधी होता, इतर शेजारीही होते. वाटेत सेंट लुईसला कॅटलिनने अजोनजोनचं पहिलं चित्र रंगवलं. जाता जाता सांगण्यासारखं आहे, हा सॅनफर्ड म्हणजे पुढे १८५७मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या प्रसिद्ध खटल्यात प्रतिवादी असलेला तोच. त्या खटल्याच्या नोंदीतही त्याचं नाव चुकून ‘सँडफर्ड’ छापलं गेलं, पण त्याचा अर्थ कोणी बदलला नाही.

राष्ट्राध्यक्ष होते अँड्र्यू जॅक्सन. त्यांनी आदल्याच वर्षी, १८३०मध्ये, पूर्वेकडच्या जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली होती. अशा वेळी पश्चिमेकडच्या माणसांना राजधानीत कशाला बोलवायचं? धाक बसावा म्हणून. किल्ले, युद्धनौका, तोफा, गर्दीने भरलेली शहरं दाखवायची आणि परत पाठवायचं. ते घरी जाऊन सांगतील की या लोकांशी लढण्यात अर्थ नाही, हा हिशेब. म्हणजे अजोनजोनने डोळे उघडे ठेवून पाहावं आणि परत जाऊन बोलावं, हेच सरकारला हवं होतं.

त्याने ते काम मनापासून केलं. कॅटलिनने नोंदवलेला हा प्रसंग मला या सगळ्यात सर्वांत हलवून जातो. नदीने खाली जाताना काठावर गोऱ्यांची घरं दिसू लागली, तेव्हा अजोनजोन आणि त्याच्या सोबत्याने ती मोजायचं ठरवलं. प्रत्येक घरामागे चिलमीच्या दांड्यावर एक खाच. दांडा भरला. मग युद्धातल्या गदेच्या मुठीवर खाचा सुरू झाल्या. तीही भरली. मग बोट काठाला लागताच एकाने काठ्या तोडून आणल्या, त्याही भरत चालल्या. सेंट लुईस आलं तेव्हा समोर इतकी घरं होती की मोजणं अशक्य होतं. त्यांनी काठ्यांची मोळी नदीत टाकून दिली.

ही शास्त्रशुद्ध मोजणी होती. ऐकीव गोष्ट सांगायची नाही, पुरावा घेऊन जायचा, म्हणून एकेक घर नोंदवत चाललेली माणसं होती ही. अमेरिकन सरकारनेही नुकतंच हेच केलं होतं. १८३०च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १ कोटी २८ लाखांहून अधिक भरली. सेंट लुईस हे तर त्या देशाचं पश्चिमेकडचं दार होतं. खरी गर्दी अजून पुढे होती. ज्या क्षणी काठ्या पाण्यात पडल्या, त्या क्षणी अजोनजोनला बहुधा त्याच्या जमातीत कोणालाही नव्हतं इतकं स्पष्ट कळलं असेल की काय येऊ घातलंय. आणि त्याच क्षणी त्याच्या हातचा पुरावाही गेला.

घरी परतल्यावर तो रोज सांगू लागला. लोक जमत, ऐकत. हळूहळू त्यांनी ठरवलं की हा खोटं बोलतोय. यात त्यांना मूर्ख ठरवण्याचं कारण नाही. त्यांनी पाहिलेले गोरे म्हणजे ठाण्यावरचे मूठभर व्यापारी आणि नोकर. हे व्यापारी आमच्याकडे कातडी मागायला येतात, आमच्या बोलीत मोडकंतोडकं बोलतात, आमच्या मुलींशी लग्नं करतात, म्हणजे यांची जमात छोटीच असणार आणि यांच्या देशात खायला कमी असणार. हातातल्या पुराव्यावरून निघणारा हा अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष होता. एक माणूस त्याच्या विरुद्ध सांगत होता, तोही विचित्र कपड्यांत आलेला. त्याच्या कातड्यावरच्या लढायांना साक्षीदार होते, या शहरांना नव्हते.

कॅटलिनच्या म्हणण्याप्रमाणे आधी त्याला लबाड ठरवलं गेलं, मग इतक्या अचाट गोष्टी रचू शकणारा मांत्रिक, आणि शेवटी एका तरुणाने त्याला गोळी घातली. साध्या गोळीने मांत्रिक मरणार नाही म्हणून त्याने लोखंडी भांड्याचा कान कानसीने घासून गोळी बनवली, असंही त्याने लिहिलंय. हा भाग ऐकीव आहे, हे लक्षात ठेवायला हवं. १८३२नंतर कॅटलिन वरच्या मिसूरीत पुन्हा गेलाच नाही. बोटीवरचा अजोनजोन त्याने पाहिला, मरण पाहिलं नाही. पण लोकांचा विश्वास न बसल्यामुळे तो जिवाला मुकला, हा त्याच्या कथेचा गाभा.

१८३७मध्ये त्याच नदीतून ‘सेंट पीटर्स’ नावाची वाफेची बोट देवीची साथ घेऊन वर आली. फोर्ट युनियनच्या परिसरात असिनिबॉइन मोठ्या संख्येने दगावले आणि त्याच नदीकाठचे मँडन तर जवळजवळ संपलेच. कॅटलिनने या चित्राचं मूळ तैलचित्र रंगवलं ते याच सुमारास, १८३७ ते १८३९च्या दरम्यान. अजोनजोन ज्या देशाबद्दल सांगत होता, तो देश तोवर नदीने त्याच्या घरापर्यंत पोचला होता. पुढे तह आले, तहांमागून राखीव प्रदेश आले. आज नाकोडा लोक मोंटानातल्या फोर्ट बेलनॅप आणि फोर्ट पेक इथे आणि सरहद्दीपलीकडे सस्कॅचवानमध्ये राहतात. चित्रकाराला खात्री होती की हे लोक पृथ्वीवरून नाहीसे होणार. तसं झालं नाही.

आता त्या ‘आधी आणि नंतर’बद्दल राहिलेलं सांगतो. १८७९मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा निघाली. मुलांना घरापासून तोडून आणायचं, केस कापायचे, त्यांची भाषा बंद करायची, गणवेश घालायचा. या शाळेने आपल्या कामाची जाहिरात जोड-छायाचित्रांनी केली. टॉम टॉर्लिनो या नावाहो तरुणाचे असे दोन फोटो प्रसिद्ध आहेत, एकात लांब केस, दागिने, खांद्यावर घोंगडी, आणि तीन वर्षांनंतरच्या दुसऱ्यात आखूड केस आणि कोट. कॅटलिनचीच मांडणी, फक्त निकाल उलटा. तिथे ‘नंतर’ म्हणजे घसरण होती, इथे ‘नंतर’ म्हणजे उन्नती. कॅटलिनचं मन हळवं होतं आणि शाळाचालकांचं कठोर, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसणार नाही. पण दोन्ही ठिकाणी माणसाचं मोल त्याच्या कपड्यांवरून ठरवलं गेलं आणि दोन्ही ठिकाणी त्याला स्वतःला काय वाटतं हे विचारलं गेलं नाही. अजोनजोनकडे तर सांगण्यासारखं इतकं होतं की काठ्या पुरल्या नाहीत.

कॅटलिनचं पुढे फार बरं झालं नाही. अमेरिकन संसदेने त्याचा संग्रह विकत घ्यायला नकार दिला, युरोपात असताना बायको आणि मुलगा गेले, आणि १८५२मध्ये तो कर्जात बुडाला. फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॅरिसन या बॉयलर बनवणाऱ्या उद्योजकाने त्याची चित्रं ताब्यात घेऊन कर्ज फेडलं. हॅरिसनच्या विधवा पत्नीने ती १८७९मध्ये, म्हणजे कार्लाइलची शाळा निघाली त्याच वर्षी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिली. त्यामुळे ‘वॉशिंग्टनला जाताना आणि तिथून परतताना’ असं नाव असलेलं मूळ तैलचित्र आज वॉशिंग्टनमध्येच आहे.

त्याच संग्रहात कॅटलिनने १८३१मध्ये सेंट लुईसला रंगवलेलं अजोनजोनचं पहिलं चित्रही आहे. त्यात तो एकटाच आहे. अजून वॉशिंग्टन पाहिलेलं नाही, काठ्या मात्र नुकत्याच नदीत गेल्या आहेत. दोन्ही चित्रं संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. बघणार असाल तर आधी ते बघा.